तिखट किती, तुळस का नाही, भाकरी मिळेल का? आमच्या थाई हॉटेलबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुळे सोलापुरात आमचं सात टेबलांचं थाई हॉटेल आहे. स्वयंपाक माझे मिस्टर बघतात. ते नऊ वर्षं बँकॉकच्या एका हॉटेलच्या किचनमध्ये होते. गल्ला, फोन आणि व्हॉट्सॲप माझ्याकडे. व्हॉट्सॲपवर रोज येणारे आणि बिल देताना लोक थांबून विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केलेत, शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत. सगळ्यात जास्त विचारणा तिखटाची, म्हणून त्या उत्तरांना जास्त जागा दिलीय (प्रश्न ३ ते ६). शाकाहार, जैन जेवण, उपवास हे सगळं ७ ते १० मध्ये आहे.

१. थाई म्हणजे चायनीजच ना? नूडल्सच असतात की.

नाही. कढई आणि नूडल्स थायलंडमध्ये चिनी लोकांबरोबर आल्या हे खरं, पण चव वेगळीकडून येते. आपल्याकडच्या चायनीजच्या गाडीवर सोया सॉस, व्हिनेगर आणि चिली सॉस या तीन बाटल्यांवर काम चालतं. थाई स्वयंपाकात आंबटपणा लिंबाचा किंवा चिंचेचा, गोडी ताडाच्या गुळाची, खारटपणा फिश सॉसचा आणि दाटपणा नारळाच्या दुधाचा. चिंच-गूळ म्हटल्यावर तुम्हाला आपली आमटी आठवली असेल, तर ते बरोबरच आहे. पॅड थाईचा सॉस आम्ही करतो तेव्हा पहिली दहा मिनिटं किचनमध्ये चिंच-गुळाचाच वास असतो.

पॅड थाई मात्र फार जुना पदार्थ नाही. पंतप्रधान फिबुनसोंगख्राम यांच्या काळात, १९३० च्या दशकाच्या शेवटी आणि ४० च्या दशकात, सरकारनंच तो राष्ट्रीय पदार्थ म्हणून लोकांपर्यंत पोचवला. नावातल्या 'पॅड'चा अर्थ 'परतलेलं' एवढाच.

२. पहिल्यांदाच येतोय, चौघं जण आहोत. काय मागवू?

प्रत्येकानं आपापली डिश मागवू नका. थाई जेवण मधे ठेवून वाटून खायचं असतं. स्टार्टर आधी आणि मेन कोर्स नंतर असंही नसतं, सगळं एकदम येतं, आपल्या ताटासारखं. आपल्या ताटात जशी एका बाजूला चटणी, एका बाजूला भाजी, वाटीत आमटी आणि मधे भात, तसाच हिशोब इथे धरा: एक सूप, एक करी, एक परतलेला पदार्थ, एक सॅलड आणि प्रत्येकाला भात. चार करी मागवल्या तर चारही नारळाच्या दुधाच्या निघतात आणि अर्ध्या जेवणात कंटाळा येतो. हे रोज बघते, म्हणून ऑर्डर घेतानाच सांगते. कृपया राग मानू नका.

पहिल्या वेळी टॉम खा म्हणजे नारळाच्या दुधाचं सूप, मसमान करी, पॅड थाई आणि कच्च्या पपईचं सोम तम घ्या. मसमान ही मुसलमान व्यापाऱ्यांच्या मसाल्यांतून आलेली करी. तिच्यात वेलदोडा, दालचिनी, लवंग, बटाटा आणि शेंगदाणे असतात. घरातली मोठी माणसं बरोबर असतील तर त्यांना तीच आवडते, कारण तिचा वास त्यांच्या ओळखीचा असतो.

टॉम यम सूप दुसऱ्या वेळेसाठी ठेवा. कोळंबीच्या टॉम यमला, म्हणजे टॉम यम कुंगला, युनेस्कोनं २०२४ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. तेव्हापासून बरेच जण नाव ऐकून थेट तेच मागवतात. पण ते आंबट, तिखट आणि उकळतं, असं तिन्ही एकदम असतं. जीभ थोडी सरावली की त्याची खरी मजा येते.

३. लई तिखट असतं का हो? आम्ही सोलापूरचे, आम्हाला तिखटाचं काय कौतुक!

हा प्रश्न विचारणारे आणि पाण्याचा तिसरा जग मागवणारे बहुतेक वेळा एकच असतात, म्हणून नीट सांगते.

सोलापूरकर तिखट खातात यात वादच नाही. पण आपलं तिखट आणि थाई तिखट तोंडात वेगवेगळ्या वाटेनं येतं. आपण मिरची वाळवतो, भाजतो, कुटतो, मग तेलात शिजवतो. शेंगा चटणीत ती शेंगदाण्याच्या तेलात मुरलेली असते, रश्शात खोबऱ्याच्या वाटणात. त्यामुळे तिखट हळूहळू चढतं आणि घशात जाऊन बसतं. सोम तममध्ये कच्ची बारीक मिरची लिंबाच्या रसात ठेचलेली असते. तेलाचा थेंब नाही. पहिल्याच घासाला ती ओठांना आणि जिभेच्या शेंड्याला लागते.

टॉम यममध्ये आणखी एक गोष्ट घडते. मिरचीला तिखट करणाऱ्या कॅप्सेसिनची जाणीव मज्जातंतूंवरच्या ज्या रिसेप्टरमुळे होते, तोच रिसेप्टर साधारण ४३ अंशांच्या वरची उष्णताही ओळखतो. हा शोध लावणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं. ४३ म्हणजे मे महिन्यात आपल्याकडे पारा पोचतो तिथपर्यंत. वाफाळतं सूप आणि मिरची एकत्र आली की दोघी एकच घंटा वाजवतात. तेच सूप पाच मिनिटं थांबून प्यायलात तर कमी तिखट वाटेल.

मिरची मोठीही नसते. थाईमध्ये तिला 'प्रिक खी नू' म्हणतात, अर्थ 'उंदराच्या लेंडीएवढी मिरची'. आपल्या लवंगीसारखी, बोटाच्या पेरापेक्षा थोडी लांब. ती इथे नेहमी मिळत नाही. न मिळाल्यास आम्ही लवंगीच वापरतो आणि जेवायला बसताना तसं सांगतो.

मला या सगळ्यात आवडणारी गोष्ट अशी की मिरची मुळात दोघांचीही नाही. ती अमेरिका खंडातली. पोर्तुगीज १५१० मध्ये गोव्यात आले आणि १५११ मध्ये थायलंडच्या अयुथ्थयात पोचले. त्यांच्यामागून सोळाव्या शतकात मिरची आली. त्याआधी दोन्हीकडे तिखट म्हणजे मुख्यतः काळी मिरी. आपण 'मिरी'वरून 'मिरची' केली. थाई लोकांनी मिरीचा 'प्रिक' हा शब्दच मिरचीला दिला आणि जुन्या मिरीला 'प्रिक थाई' म्हणायला लागले.

४. मेनूवर मिरच्यांच्या खुणा आहेत त्याचा अर्थ काय? तिखट कमी-जास्त करून मिळतं का?

आमच्याकडे आकडा म्हणजे खरोखरच्या मिरच्या. 'दोन' म्हणालात तर तुमच्या प्लेटमध्ये दोन मिरच्या ठेचून पडतात. 'मिडियम' या शब्दाचा अर्थ प्रत्येकाचा वेगळा असतो, म्हणून आम्ही तो शब्दच काढून टाकला.

सोम तम, टॉम यम आणि परतलेले पदार्थ ताजे होतात, त्यात शून्यापासून पुढे कितीही करता येतं. करीचं तसं नसतं. ग्रीन आणि रेड करीत मिरची वाटणातच असते, नंतर काढता येत नाही. नारळाचं दूध वाढवून धार कमी करता येते, पण मग करीची चवही पातळ होते. कमी तिखट करी हवी असेल तर मसमान किंवा पनांग (दाण्यांची सौम्य करी) घ्या.

पहिल्यांदा येणाऱ्यांना आम्ही तीनच्या वर देत नाही. एकदा कॉलेजच्या सहा मुलांनी पैजेवर आठ मिरच्यांचं सोम तम मागवलं आणि मी दिलं. त्यातला एक मुलगा तासभर उचक्या देत, पोट धरून, मागच्या पायरीवर बसून होता. त्याच्या शेजारी ताकाचा तांब्या घेऊन बसले होते तेव्हा ठरवलं की पैजेसाठी आपण स्वयंपाक करायचा नाही. ज्या मुलानं एवढी बारीक चिरलेली पपई, लिंबू, गूळ यांचा मेळ घातलेला पदार्थ खाल्ला, त्याला त्यातलं काहीच कळलं नाही, याचं मला जास्त वाईट वाटलं.

कमी पडलंच तर टेबलावर चार वाट्या असतात: कोरडं लाल तिखट, साखर, व्हिनेगरमधल्या मिरच्या आणि फिश सॉसमधल्या मिरच्या. थायलंडमध्ये नूडल्सच्या प्रत्येक दुकानात त्या ठेवलेल्या असतात. लोक आधी चव बघतात आणि मग आपापलं जुळवून घेतात. साखर बघून दचकू नका, तिखट फार झालं तर चिमूटभर घालून बघा. शाकाहारी असाल तर चौथ्या वाटीला हात लावू नका; आम्ही शाकाहारी टेबलावर ती ठेवतच नाही, पण चुकून राहिली तर लगेच सांगा.

थायलंडला जाणार असाल तर दोन शब्द पाठ करून जा: 'माय फेत' म्हणजे तिखट नको, 'फेत नित नॉय' म्हणजे थोडंसं तिखट.

५. तोंड पेटलं तर काय करायचं? पाणी पिऊनही कमी होत नाही.

पाण्यानं होणारच नाही. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, उलट तोंडभर पसरतं. दूध, दही, ताक यांतलं केसीन नावाचं प्रथिन त्याला धरून घेतं, म्हणून ताक घ्या. थाई हॉटेलात ताक कशाला, असं आमच्या एका पाहुण्यांनी विचारलं होतं. सोलापुरात हॉटेल चालवतो, ताक ठेवणारच. थायलंडमध्ये अशा वेळी साधा भात आणि कच्च्या कोबीचे, काकडीचे तुकडे खातात. सोम तमबरोबर आम्हीही ते देतो, शोभेसाठी नव्हे.

मिरचीचा हात डोळ्याला लावू नका. हाताला मिरची लागली असेल तर आधी तेल चोळा, मग साबण. नुसत्या पाण्यानं हाताची आग जात नाही.

६. ग्रीन करी हिरवी आहे, म्हणजे रेडपेक्षा कमी तिखट ना?

बहुतेक वेळा उलट. रेड करीचं वाटण वाळलेल्या लाल मिरच्यांचं; रंगासाठी आम्ही भिजवलेली ब्याडगी घालतो आणि ती सौम्य असते. ग्रीनमध्ये ताज्या हिरव्या मिरच्या कच्च्याच वाटलेल्या असतात. थाई नावात 'वान' म्हणजे 'गोड' असा शब्द आहे, पण तो त्या साईसारख्या फिक्या हिरव्या रंगाला उद्देशून. नाव वाचून मुलांसाठी मागवू नका.

७. आम्ही शुद्ध शाकाहारी. भाज्यांची करी घेतली तरी त्यात मासे असतात म्हणे?

थायलंडमध्ये असतात, आणि म्हणून हा प्रश्न प्रत्येक थाई हॉटेलात विचाराच. नाम प्ला, म्हणजे फिश सॉस, मिठात मुरवलेल्या बारीक माशांचा असतो आणि तिकडे तो मिठाच्या जागी पडतो. करीच्या वाटणात कापी, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा गोळा असतो. सोम तममध्ये सुकट. परतलेल्या भाज्यांत ऑयस्टर सॉस. डिशमध्ये मासा दिसत नाही म्हणून ती शाकाहारी ठरत नाही.

आमच्या हातून हे एकदा चुकलं आहे आणि ते इथे लिहायलाच हवं. सुरुवातीच्या दिवसांत एका ओळखीच्यांनी बँकॉकहून रेड करीच्या वाटणाचा डबा आणून दिला. लेबल पूर्ण थाईमध्ये. मिस्टर त्या दिवशी गावाला गेले होते आणि घाईत मी मदतनिसाला भाज्यांच्या करीसाठी तोच डबा उघडायला सांगितलं. एका लिंगायत कुटुंबानं ती करी खाल्ली, आजींनी तर भात पुन्हा मागून घेतला. रात्री मिस्टरांनी डबा हातात घेतला आणि त्यावरचा कोळंबीचा शब्द दाखवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं. लपवलं असतं तर कुणाला कळलंही नसतं, पण त्या आजींच्या ताटात मी काय वाढलं ते मला माहीत होतं. त्या बराच वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "सांगितलंस ते बरं केलंस." त्या पुन्हा आल्या नाहीत, आणि त्यात त्यांचं काहीच चुकलं नाही.

तेव्हापासून वाटण विकतचं येत नाही. रोज सकाळी दगडी खलात कुटतो: गवती चहा, कुलिंजन (आल्यासारखा सुवासिक कंद), लसूण, छोटे कांदे, मिरची, धणे आणि कोथिंबिरीची मुळं. मंडईतल्या मावशी जुड्या मुळासकट बाजूला ठेवतात. आपण ती कापून टाकतो, पण थाई वाटणाचा अर्धा सुगंध त्या मुळांत असतो. शाकाहारी वाटण आधी कुटलं जातं, त्याचा खल वेगळा, कढई आणि डावही वेगळे. खारटपणासाठी मीठ आणि सोया सॉस. अंडंही विचारल्याशिवाय पडत नाही. पॅड थाईत ते मुळात असतं, म्हणून ऑर्डर देताना सांगा.

८. कांदा-लसूण चालत नाही. जैन मिळेल का?

एक दिवस आधी सांगितलंत तर मिळेल. आयत्या वेळी नाही, कारण कुटलेल्या वाटणातून कांदा-लसूण बाजूला काढता येत नाही.

थायलंडमध्येही कांदा-लसूण वर्ज्य करणारे लोक आहेत. चिनी बौद्ध परंपरेतला 'जे' आहार असतो, त्यात मांस, मासे, अंडी, दूध, कांदा, लसूण काहीच चालत नाही. अशा दुकानांवर पिवळे झेंडे दिसतात. पण 'जे' म्हणजे जैन नव्हे. कंदमुळांना तिथे बंदी नाही, आणि कुलिंजन तर कंदच. म्हणून जैन ऑर्डरमध्ये आम्ही कुलिंजन आणि आलंही गाळतो. गवती चहाचा दांडा आणि लिंबाची पानं जमिनीच्या वरची, त्यांवर सूप छान उभं राहतं. अळंबी बरेच जण खात नाहीत, त्यामुळे लाल भोपळा, फरसबी, कोबी घालतो. चव मूळ टॉम खासारखी येत नाही, कारण 'खा' म्हणजेच कुलिंजन. पण हलकं, सुवासिक होतं आणि नारळाचं दूध त्याला सांभाळून घेतं.

९. उपवासाला काही आहे का?

एकच गोष्ट: साबुदाणा, नारळाचं दूध आणि गूळ. थायलंडमध्येही हा गोड पदार्थ आहे, त्याला 'साकू' म्हणतात. एकादशीला वेगळ्या पातेल्यात होतो. आषाढी आणि कार्तिकीला हॉटेल बंद असतं.

१०. त्या बेसिल चिकनमध्ये तुळस घालता म्हणे? हे पटत नाही.

घालत नाही. पण शंका रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

थायलंडमध्ये घरोघरी होणारा पॅड क्रापाव हा पदार्थ. मिरची-लसणात परतलेलं मांस, शेवटी मूठभर पानं आणि वर तळलेलं अंडं. ती 'क्रापाव'ची पानं म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या हिशोबानं आपली तुळसच. त्यांच्याकडे ती भाजी आहे, आपल्याकडे वृंदावनातली. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, आणि आमच्याकडे जेवायला येणाऱ्यांत गळ्यात तुळशीमाळ असलेले लोकही असतात. माझ्या सासूबाई रोज तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा घेत नाहीत. तीच पानं मांसात घालायला माझाही हात धजावला नाही.

थायलंडमध्ये दुसरंही एक पान वापरतात, होरापा. बडीशेपेसारख्या वासाचं, जांभळ्या देठाचं. ते आपल्या सब्जाच्या जातीचं झाड. गच्चीवरच्या कुंड्यांत आम्ही ते लावलंय आणि तेच वापरतो. काटेकोरपणे बघितलं तर आमच्या पदार्थाला क्रापाव म्हणता येत नाही, म्हणून मेनूवर 'होरापा चिकन' लिहिलंय. बँकॉकला खाऊन आलेले लोक चव वेगळी लागते म्हणतात. ते बरोबर आहेत.

११. सुपात काड्या आणि चामट पानं निघाली. ती खायची असतात का?

नाही, बाजूला काढा. गवती चहाचे दांडे, कुलिंजनाच्या चकत्या आणि ती जाड लिंबाची पानं वासासाठी असतात, पोह्यांतल्या कढीपत्त्यासारखी. चावायला गेलात तर दातांत दोरे अडकतील.

१२. चॉपस्टिक्स येत नाहीत. हातानं खाल्लं तर चालेल?

थाई लोक भात चॉपस्टिक्सनं खातच नाहीत. उजव्या हातात चमचा, डाव्या हातात काटा. काट्यानं घास चमच्यावर ढकलायचा आणि चमचा तोंडात. काटा तोंडात जात नाही. चॉपस्टिक्स नूडल्सच्या सुपापुरत्या. ईशान्येकडच्या इसान भागात मात्र चिकट भात हातानंच खातात. छोटा गोळा वळून रश्शात बुडवतात, आपण भाकरीच्या तुकड्यानं पिठलं घेतो तसं. तेव्हा खुशाल हातानं जेवा.

त्या भाताला 'ग्लुटिनस' म्हणतात म्हणून काही जण घाबरतात. त्यात ग्लुटेन नसतं. चिकटपणा त्यातल्या स्टार्चचा.

१३. ग्रीन करीबरोबर कडक भाकरी मिळेल का?

मिळते, गेल्या हिवाळ्यापासून. मी सुरुवातीला नाही म्हणत होते. मग एके दिवशी एक आजोबा घरून फडक्यात बांधून कडक भाकरी घेऊन आले आणि मसमानमध्ये कुस्करून जेवले. मी बाजूला बसून एक घास मागून घेतला. ज्वारीची गोडसर चव आणि शेंगदाणे घातलेली दाट करी, दोन्ही एकमेकींना ओळखीच्या असल्यासारख्या. आता मालदांडी ज्वारीची भाकरी असते.

पण माझं मत विचाराल तर फक्त मसमान आणि पनांगबरोबर. ग्रीन करी पातळ असते, तिला सुवासिक जस्मिन भात लागतो. भाकरीत तिचा होरापाचा वास मरतो. टॉम यमबरोबर तर भाकरी अजिबात नको.

१४. मुलीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. काय चालेल?

मनापासून सांगते, आमच्याकडे आणू नका. पॅड थाई, सोम तम, मसमान, पनांग, साते म्हणजे काडीवर भाजलेल्या मांसाबरोबरची चटणी, सगळ्यांत दाणे आहेत. दाणे नसलेला पदार्थ करता येतो, पण सात टेबलांच्या किचनमध्ये दाण्याचा कूट हवेतही असतो. तीव्र ॲलर्जीला कणही पुरतो आणि ती जोखीम मला घ्यायची नाही. कोळंबीच्या ॲलर्जीसाठीही हेच. वाटणाचे दोन खल वेगळे आहेत (प्रश्न ७), पण चूल शेजारी-शेजारी आहे.

१५. लहान मुलं, गरोदर बायका, पित्ताचा त्रास असलेल्यांसाठी काय?

मुलांना शून्य मिरचीचं पॅड थाई, नाहीतर फ्राईड राईस. पित्त असेल तर आंबट-तिखट एकत्र असलेलं टॉम यम आणि सोम तम टाळा, टॉम खा घ्या. गरोदरपणी काय चालतं ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. आमच्या बाजूनं एवढंच की कच्ची पपई सोम तममध्ये असते, आणि ती नको असेल तर तेच सॅलड काकडीचं किंवा कच्च्या आंब्याचं करून देतो.

१६. अजिनोमोटो घालता का?

त्याची पुडी किचनमध्ये नाही. पण मांसाहारी पदार्थांत वापरतो त्या ऑयस्टर सॉसच्या बाटलीत तो आहे, तेव्हा 'आमच्याकडे अजिबात नाही' असं मी म्हणणार नाही. त्यातला चव देणारा घटक, ग्लुटामेट, जपानच्या किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये समुद्री शेवाळातून वेगळा काढला. तोच ग्लुटामेट टोमॅटोत आणि आंबवलेल्या माशातही नैसर्गिकपणे असतो. तुम्हाला त्रास होत असेल तर सांगा, चिंच-गुळाचं पॅड थाई त्याशिवायच होतं.

१७. सोलापुरात समुद्र नाही. मासे ताजे कुठून?

कोळंबी बर्फातून येते. ज्या दिवशी आली नाही त्या दिवशी फळ्यावर तसं लिहितो आणि टॉम यम चिकनचं किंवा अळंबीचं करतो.

अख्खा मासा मात्र उजनीचा. लिंबू, लसूण आणि मिरचीत वाफवलेला चिलापी हा आमचा मला सगळ्यात आवडणारा पदार्थ आहे. लोक 'चिलापी? थाई हॉटेलात?' म्हणून नाक मुरडतात, म्हणून सांगते. थायलंडमध्ये याच कुळातला मासा घराघरांत खातात, त्याला 'प्ला निन' म्हणतात. १९६५ मध्ये जपानचे तेव्हाचे युवराज अकिहितो यांनी थायलंडच्या राजाला हे ५० मासे भेट पाठवले, आणि तिथून ते देशभरच्या तळ्यांत पोचले. उजनीतला मासा सकाळी येतो आणि दुपारी वाफेवर असतो. बर्फातल्या महाग पापलेटापेक्षा त्याचं मांस घट्ट आणि गोड लागतं.

१८. टेबल आधी सांगून ठेवावं लागतं का?

शनिवार-रविवारी हो. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांतही, कारण तेव्हा घरोघरी पाहुणे असतात. इतर दिवशी साडेसातच्या आधी आलात तर थांबावं लागत नाही. पार्टीसाठी पूर्ण हॉटेल देत नाही.

१९. आंबा आणि भात? हे कसलं गोड? आणि भात खारट का लागतो?

चिकट तांदूळ रात्रभर भिजवून वाफवायचा, गरम असतानाच नारळाच्या गोड दुधात मुरवायचा आणि शेजारी पिकलेला आंबा. वरून नारळाच्या दाट दुधाची एक धार असते, त्या धारेत मीठ मुद्दाम घातलेलं असतं. एकटी चाखली तर खारट लागते. घास घेताना भात, धार आणि आंब्याची फोड तिन्ही एकत्र घ्या, मग कळेल ते मीठ आंब्यासाठी आहे. वरचे कुरकुरीत दाणे भाजलेल्या मूगडाळीचे.

हा पदार्थ एप्रिल ते जून एवढाच. आम्ही केशर वापरतो. डबाबंद आंब्याचा करून द्या, अशी डिसेंबरमध्ये विनंती येते. देत नाही.

२०. पार्सल नेलं तर चव राहते का? उरलेली करी दुसऱ्या दिवशी चालते?

पॅड थाई अर्ध्या तासात खाऊन टाका, नंतर तांदळाच्या नूडल्सचा गोळा होतो. सूप उघड्या भांड्यात काढून मंद गरम करा.

करी दुसऱ्या दिवशी उलट छान लागते, मसमान तर मुरल्यावरच. घरी गेल्या गेल्या फ्रिजमध्ये ठेवा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात नारळाचं दूध ओट्यावर रात्र काढत नाही. गरम करताना खळखळ उकळू नका, दूध फाटतं. वर लाल किंवा हिरवट तेल दिसलं तर मात्र ते फाटलेलं नसतं. करी करताना नारळाचं दाट दूध आधी आटवून तेल सुटू देतात आणि त्याच तेलात वाटण परततात. ती त्या करीची तर्री आहे, काढून टाकू नका. उरलेला भातही फ्रिजमध्येच, आणि दुसऱ्या दिवशी एकदाच नीट गरम करा.

सोम तम पार्सल मागवताना 'रस वेगळा द्या' असं सांगा. पपई एका डब्यात, लिंबू-मिरचीचा रस दुसऱ्यात, दाणे कागदाच्या पुडीत. ताटं घेतल्यावर मिसळा. रस्त्यात मिसळलेलं सोम तम विजापूर रोडच्या टोकाला पोचेपर्यंत पाणी सोडतं.